खटक्यामागची जागा

संग्रहालयाचं पत्र सुनेने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण भावाचा चष्मा नेहमीप्रमाणे लाकडाच्या भुशात कुठेतरी बुडाला होता. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाच्या आठवणींचं एक दालन जुन्या मालधक्क्यात उघडायचं होतं. स्टेशन तर केव्हाच पाडलेलं, आणि त्याचा एकही धड फोटो कुणाकडे उरला नव्हता. आपण घरी त्या स्टेशनाची लाकडी प्रतिकृती केल्याचं समजलं, तिचे फोटो मिळाले तर उपकार होतील, असं लिहिलं होतं. सोबत दालनातल्या पाट्यांचा मजकूर जोडला होता.

सून भराभर वाचत होती. चौथ्या पाटीशी अडखळली.

"का थांबलीस?" ताईने विचारलं. "वाच की."

"'केबिनमनला पहाटे डुलकी लागली आणि येणारी मालगाडी रुळावर उभ्या असलेल्या डब्यांवर आदळली.'" सुनेने कागद खाली ठेवला. "आत्या, हे म्हणजे... बाबांचे वडील ना?"

भावाने हातातला रंधा बाजूला ठेवला. चौसष्ट वर्षं झाली होती त्या पहाटेला. केबिनमन म्हणजे तिचे बाबा, स्टेशनाच्या केबिनमधून खटके ओढून गाड्यांना सिग्नल देणारे. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि हा रंधा ठेवणारा धाकटा भाऊ सहाचा. त्यानंतर शाळेत तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही. 'डुलक्याची पोर' हेच तिचं नाव. बाबांची नोकरी गेली, पण ते त्यांना तेवढं लागलं नव्हतं. मरेपर्यंत ते एकच वाक्य बोलत राहिले: "मी जागा होतो. मी बघितलं. दिवा नव्हता." आणि लोक मान डोलवून म्हणायचे, हो, हो, असेल. म्हाताऱ्याची समजूत काढावी तसं.

"आता त्या पाटीला काच लावतील," ताई म्हणाली. "वर बारका बल्ब लावतील. शाळेतली पोरं रांगेने येऊन वाचतील."

"मग फोटो द्यायचेच नाहीत," भाऊ म्हणाला.

"द्यायचे. असे द्यायचे की त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. मग बघू."

ताईने चाळीस वर्षं एका फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं होतं. काचेच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने नवऱ्या मुलींच्या गालावरचे तीळ, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या, पोरांच्या कपाळावरच्या खोकांच्या खुणा नाहीशा करायच्या. स्टुडिओचा मालक म्हणायचा, बाईच्या हाताखालून गेलेला माणूस स्वतःच्या आईलासुद्धा ओळखू येत नाही. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने तिला निरोपादाखल एक चांगला कॅमेरा आणि तिपाई दिली. ती कपाटातच होती.

भावाची प्रतिकृती त्याच्या सुतारखोलीत, खिडकीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत पसरलेली होती. त्यातला माणूस बोटाच्या एका पेराएवढा. स्टेशन गेलं तरी जमिनीत जोती राहिली होती. भावाने बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन ती मोजली. फलाटाची लांबी, पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चार खांबांचे पाये, केबिनचा चौथरा. केबिनच्या खिडक्या तर त्याने लिलावात विकतच घेतल्या होत्या, आणि त्याच या खोलीला बसवल्या होत्या. त्यामुळे चौकट किती रुंद, मधला खांब किती जाड, यात एका सुताचा फरक नव्हता. सूत म्हणजे सुतारांचं सर्वात बारीक माप. भाऊ इंचात बोलायचा कमी, सुतात जास्त.

त्याने स्वतः काढलेले फोटो मात्र बघवत नव्हते.

"हे काय, कावळ्याने काढलेत?" ताई म्हणाली. "सगळे वरून. स्टेशनावर उभा राहून कोणी छपरं बघतं का रे? आणि हा भक्क उजेड! प्रत्येक खांबाला तीन-तीन सावल्या. आपल्या गावाला सूर्य किती होते?"

"तुला काय कळतं रेल्वेतलं?"

"रेल्वेतलं नसेल कळत. उजेडातलं कळतं."

दुसऱ्या दिवशी तिने खोलीचा ताबा घेतला. सगळे दिवे बंद. एकच मोठा दिवा शिडीला बांधून लांब कोपऱ्यात, तोही खाली, कारण भावाने स्टेशनाच्या घड्याळात साडेसहा वाजवले होते. सकाळचे साडेसहा आणि दुपारच्या सावल्या, हे तिला चालणार नव्हतं. भिंत झाकायला आभाळ हवं म्हणून तिने फिकट राखाडी चादर मागितली.

"चादर नुसती लावू नकोस गं, इस्त्री कर आधी," ती सुनेला म्हणाली. "आभाळाला घडी पडलेली कुणी बघितलीय?"

"लग्नातसुद्धा माझ्या साडीला एवढी इस्त्री नव्हती, आत्या."

"म्हणूनच तुझ्या लग्नाच्या फोटोवर मला आठवडाभर बसावं लागलं."

मग धूळ. खोलीत कुणाच्या स्वेटरचा एक धागा रुळावर पडला तर फोटोत तो आडवा पडलेला दोरखंड दिसे. पहिल्या दिवशी सगळं जमलं, आणि फोटो मोठा करून बघतात तो फलाटावर एक मुंगी उभी, हमालापेक्षा थोराड. सुनेला हसू आवरेना. "ही कुठल्या गाडीची वाट बघतेय?" ताईने मऊ ब्रशने फलाट झाडून काढला. पण सगळंच साफ करू द्यायला ती तयार नव्हती. कौलांवर भावाने घासलेली काजळी, टाकीखालचा ओला डाग, बाकाचा निघालेला रंग, हे तिने राखलं. उलट जिथे डिंक चकाकत होता तिथे खडूची पूड फुंकली. चाळीस वर्षं डाग काढण्यात गेली, पण डागाशिवाय खरं काही दिसत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कॅमेरा तिने तिपाईवर लावलाच नाही. एका सपाट फळीवर निजवला आणि भिंग बरोबर त्या पेराएवढ्या माणसांच्या डोळ्यांच्या रेषेत आणलं. त्यासाठी स्वतः गुडघ्यावर बसायची, आणि उठताना दोघांनी धरायला लागायचं. भिंगाचं छिद्र केलं अगदी बारीक, म्हणजे जवळचा दिव्याचा खांब आणि लांबची टाकी दोन्ही स्वच्छ येतील. उजेड कमी, म्हणून झडप तीस-तीस सेकंद उघडी. तेवढा वेळ खोलीत कुणी पाऊल उचलायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी नऊ फोटो हातात आले. भाऊ ते एकेक हातात घेऊन बघू लागला. फलाटाच्या टोकाला बाक, बाकावर कुणाचीतरी ट्रंक, मागे टाकीची लांबलचक सावली. वाटत होतं, आता घंटा होईल.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मी हे केलंय?"

"तूच केलंयस. मी फक्त खाली वाकले." मग ती म्हणाली, "आता दहावा. केबिनमधून. बाबांना काय दिसत होतं ते."

भावाचा चेहरा उतरला. "कशाला?"

"बारा वर्षं मोजमापं घेतलीस ती कशासाठी?"

भावाने मधल्या रुळावरच्या डब्यांकडे बघितलं. उभ्या डब्यांच्या शेवटी त्याने तांदळाएवढा तांबडा दिवा बसवला होता, अगदी पेटणारा. त्या पहाटे शंटिंगवाल्यांनी, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणाऱ्यांनी, ते डबे मधल्या रुळावर सोडले आणि केबिनला कळवलंच नाही. शेवटच्या डब्याला तांबडा दिवा मात्र लावला होता. चौकशीत तो दिवाच बाबांच्या मुळावर आला. केबिनमधून दिवा स्पष्ट दिसतो. ज्याला दिसला नाही तो झोपलेला असणार. एवढाच साहेबांचा हिशेब.

ताईने कॅमेरा केबिनच्या खिडकीला भिडवला आणि फोटो काढला.

दिवा दिसत होता. टाकीच्या दोन खांबांच्या मधोमध, कुंकवाच्या टिकलीसारखा.

सून चहा आणते म्हणून बाहेर गेली. भाऊ उठला, केबिनजवळ गेला, परत आला. मग त्याने हळूच टाकीला हात घातला.

"काय करतोस?"

"एक सूत सरकवतो. एकच. खांब दिव्यासमोर येतो. कुणाला कळणार आहे? पाये माझ्याशिवाय कुणी मोजलेत?"

ताईने त्याच्या हातावर चापट मारली. सत्तरीचा माणूस, पण लहानपणी बसायची तशीच बसली.

"हात काढ. जगाच्या गालांवरचे तीळ मी खरवडले, पैसे घेऊन खरवडले. बापाचा तीळ मी खरवडणार नाही. असेल तर असू दे."

"म्हणजे ते झोपले होते असं म्हणायचंय तुला?"

"ओरडू नकोस. मला विचार करू दे."

ती त्या फोटोसमोर बसून राहिली. चहा निवला. काहीतरी खटकत होतं. इतका छान फोटो. खिडकी कुठे आहे त्यात? चौकट नाही, मधला खांब नाही. कॅमेरा धिप्पाड, केबिनमध्ये शिरणार कसा? म्हणून तिने तो बाहेरून खिडकीला लावला होता. खिडकीला.

आणि तिला तो साहेब दिसला. चौकशीच्या दिवशी रुळावर डबे आणि दिवा पुन्हा तसेच ठेवले होते, आणि ती बाबांचा डबा घेऊन केबिनच्या जिन्यावर उभी होती. साहेब वर आले, हाशहुश करत थेट खिडकीशी गेले, काठी टेकून बाहेर डोकावले आणि म्हणाले, "इथे बरी हवा आहे." मग म्हणाले, "दिवा तर स्वच्छ दिसतोय." मागे खटक्यांच्या रांगेपाशी बाबा उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नाही आणि साहेब तिकडे गेले नाहीत.

"अरे," ती म्हणाली, "मी साहेब झाले! चार दिवस गुडघे मोडून सगळ्यांच्या डोळ्यांशी वाकले आणि बापाच्या वेळेला जाऊन साहेबाच्या जागी उभी राहिले."

"म्हणजे?"

"बाबा खिडकीत उभे नसायचे. घंटा झाली की नऊ नंबरचा खटका, गाडीला आत घेणारा. त्याच्या मागे उभं राहायचं, तिथूनच बघायचं, तिथूनच ओढायचा. तू लहान होतास, तुला वर येऊ देत नसत. मी यायची. त्या खटक्यामागे फळीला दोन खळगे पडले होते, त्यांच्या टाचांचे. मी त्यात माझे पाय घालून उभी राहायची. बाबा ओरडायचे, तिथून हल, ती माझी जागा आहे."

भावाने केबिनचं छप्पर अलगद उचललं. आत खटक्यांची रांग होती, काडीएवढ्या तारांची. त्याने डावीकडून मोजत नववा खटका गाठला.

"कॅमेरा इथे जाणार नाही."

"माझा फोन जाईल," दारातून सून म्हणाली. "त्याचं भिंग कोपऱ्यात असतं. उलटा धरला की डोकं खाली."

फोन उलटा करून त्यांनी वरून केबिनमध्ये उतरवला. पातळ होता म्हणून मागची भिंत आणि खटके यांच्या फटीत बसला. ताईने भावाच्या पट्टीने उंची मोजली. बाबा बुटके होते. डोळा पेराच्या जरासा खाली. छपराच्या जागी काळं कापड टाकलं, म्हणजे केबिनमध्ये उजेड फक्त खिडक्यांतूनच येईल. भावाने तांबडा दिवा लावला आणि ओरडला, "लागला!"

फोटोत खटक्यांच्या मुठी होत्या, खिडकीची चौकट होती, बाहेर रूळ होते, डबे होते, पहाट होती. खिडकीचा मधला खांब आणि टाकीचा दुसरा खांब एकापुढे एक येऊन त्यांची एकच जाड पट्टी झाली होती. दिवा त्या पट्टीच्या मागे गेला होता.

भाऊ स्वतः जाऊन बघून आला. दिवा लागलेलाच होता.

"मान जरा कलती केली असती तर दिसला असता," तो हळूच म्हणाला.

"असता. पण सरळ उभ्याने बघणाऱ्याला नसता दिसला. आणि बाबांचे डोळे उघडे होते. मला तेवढंच पाहिजे."

संग्रहालयाचे साहेब म्हणजे एक उंच, सभ्य तरुण माणूस. ताईने आधी नऊच फोटो त्याच्या टेबलावर मांडले. तो उठून उभाच राहिला.

"आजी, हे कुठे मिळाले? कुणाच्या अल्बममधले?"

"आमच्या घरातले. लाकूड, डिंक आणि एक चादर."

त्याचा विश्वास बसेना. भिंग घेऊन तो कौलं बघत राहिला. आतल्या भिंतीवर मोठे करून लावू, म्हणाला, तुमचं आणि तुमच्या भावाचं नाव खाली ठळक देऊ. मग तिने दहावा फोटो ठेवला आणि चौथी पाटी बदला म्हणून सांगितलं. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. ताईने तो ओळखला. लोक बाबांशी याच आवाजात बोलायचे.

"तुमच्या भावना मी समजू शकतो. पण चौकशीचा अहवाल आहे ना. आणि हा शेवटी, वाईट वाटून घेऊ नका, खेळण्याचा फोटो. तो पुरावा कसा धरायचा?"

"मघाशी अल्बममधला वाटला होता."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? नऊ फोटोंत स्टेशन खरं आणि दहाव्यात खेळणं? एकाच लाकडाचं केलंय साहेब." तिने दहाही फोटो गोळा केले, पाकिटात घातले. "पाटी बदलत नसेल तर भिंती रिकाम्या ठेवा. कॅलेंडरं लावा."

"आजी, उद्घाटन पंधरा दिवसांवर आलंय! पाट्या छापायला गेल्यात."

"मग परत मागवा. आणि त्याआधी आमच्याकडे या. खेळणं बघायला."

दोन दिवस गेले. भाऊ म्हणत होता, येत नाही तो, फोटो गेले नि पाटी राहिली. ताई म्हणत होती, भिंती रिकाम्या आहेत त्याच्या, येईल. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. दारातच चौकटीला डोकं आपटून घेतलं.

सगळी तयारी होती. चादर, शिडीवरचा सूर्य, केबिनमध्ये उलटा उतरवलेला फोन. त्याला दिसेल ते दुसऱ्या फोनवर येत होतं. सुनेने ते कसं जुळवलं तिलाच ठाऊक. आधी भावाने त्याला टेप दिला, जोत्यांच्या मोजमापांची वही दिली, आणि खोलीच्या खऱ्या खिडकीचा खांब मोजायला लावला. त्याने मुकाट्याने मोजलं, वहीशी ताडून बघितलं, केबिनमधल्या इवल्या खांबाशी ताडून बघितलं. मग ताईने त्याला स्टुलावर बसवलं आणि तो दुसरा फोन हातात दिला.

"नऊ नंबरच्या खटक्यामागे उभे आहात. घंटा झालीय. अर्ध्या मिनिटात खटका ओढायचाय. रूळ बघा."

तो बघू लागला. फोन जवळ घेतला, लांब धरला.

"दिवा लावा ना," तो म्हणाला.

"लावलाय," भाऊ म्हणाला.

"मला तर दिसत नाहीये."

"नीट बघा."

"नीटच बघतोय. रूळ आहेत, डबे आहेत... दिवा नाही."

ताई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "डुलकी लागली का साहेब?"

त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, मग उठून प्रतिकृतीच्या दुसऱ्या अंगाने गेला. शेवटच्या डब्याला तांबडा ठिपका पेटलेला होता. तो परत स्टुलापाशी आला, फोनकडे बघितलं, पुन्हा जाऊन दिवा बघितला. असं तीनदा केलं. कुणी त्याला घाई केली नाही.

मग तो बसला. ताईने फोटोंचं पाकीट त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि त्याने खिशातून कागद-पेन काढलं. "काय लिहू?"

"बाबांना निर्दोष लिहू नका. आम्हाला ते माहीत नाही. लिहा: केबिनमन ज्या जागी उभा राहून काम करी, तिथून दिवा दिसत नव्हता. चौकशीच्या साहेबांनी त्या जागेवर उभं राहून पाहिलं नाही."

तो लिहू लागला. ताई त्याच्या खांद्यावरून वाचत होती. पहिल्या वाक्याच्या आधी त्याने दोन शब्द घातले, 'कुटुंबीयांच्या मते'. ताईने त्याच्या मांडीवरचं फोटोंचं पाकीट शांतपणे उचलून घेतलं.

"आजी, पद्धत असते तशी."

"असेल. पण आत्ता कुटुंब बाजूला उभं होतं. खटक्यामागून बघितलं कुणी?"

त्याने फोनकडे बघितलं. "मी."

"मग ते लिहा. खाली तुमचं नाव घाला."

साहेबांनी ते दोन शब्द खोडले, एकदा खोडून ताईकडे बघितलं आणि मग परत दोन रेघा मारल्या, वाचताच येऊ नयेत अशा. खाली आपलं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख घातली.

ताईने कागद घेतला, उजेडाकडे धरून पहिल्यापासून वाचला, घडी केली आणि स्वतःकडेच ठेवला.

"ही माझी प्रत नाही का?" तो गोंधळून म्हणाला.

"तुमच्यासाठी दुसरी लिहा," ती म्हणाली, आणि फोटोंचं पाकीट स्टुलावर त्याच्या शेजारी ठेवलं. "बसा निवांत. आणि अरे, तो दिवा विझव आता. बॅटरी जाईल."